शेवटच्या बाकापर्यंत!

मुलांनो, समजा तुमच्या शाळेतले लाइट गेले आहेत. पावसाळ्यात ही गोष्ट 'समजा' म्हणण्याइतकी दुर्मीळ नसते म्हणा! बाईंनी मोबाइलवर एक झकास नाटुकली आणली आहे. फोन टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. पहिल्या दोन बाकांवरची मुलं खो खो हसतायत आणि शेवटच्या बाकावरची मुलं पुढच्यांना ढोसून विचारतायत, "काय झालं? काय म्हणाला तो?" पाऊस पत्र्यावर वाजायला लागला, की मग पहिला बाकही गेला.

फोनमधला स्पीकर नखाएवढा असतो, त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा करणं बरं नव्हे. आपल्याला हवा मोठा स्पीकर आणि त्याला हलवायला लागणारी ताकद. ती ताकद देणारं यंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर, शुद्ध मराठीत ध्वनिवर्धक. आज आपण तो स्वतः आखायचा आहे. अट एकच: भिंतीतल्या प्लगची वीज घ्यायची नाही. तीन पेन्सिल सेलवर तो चालला पाहिजे, आणि तेही बरेच दिवस.

बाजारात गेलं की मुलं पहिला प्रश्न विचारतात, "किती वॉटचा आहे?" पूर्वी टेपरेकॉर्डरवर शेकडो वॉट 'पीएमपीओ' छापलेलं असायचं. हे पीएमपीओ म्हणजे निव्वळ जाहिरातीचं गणित. त्या आकड्यावर जाऊन घरात दिवाळीचे बार उडायला हवे होते! आपण आधी हिशोब करू, मग दुकानात जाऊ.

तीन इंची साध्या स्पीकरला १ वॉट दिला, तर १ मीटरवर साधारण ८५ डेसिबल आवाज मिळतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं, की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे २ मीटरवर ७९, ४ मीटरवर ७३ आणि ८ मीटरवर ६७. शेवटचा बाक साधारण ८ मीटरवर धरू. समोरासमोर बसून आपण बोलतो, तेव्हा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलाला कुणीतरी शेजारी बसून जरा मोठ्याने बोलतंय असं वाटेल. वर्गाच्या भिंतींवरून परत येणारा आवाज वेगळाच. तेव्हा आपलं काम १ वॉटमध्ये भागतं. शंभर वॉट राहू द्या लग्नाच्या मांडवात.

आता हा १ वॉट द्यायचा कसा? जुनी पद्धत आधी पाहू. तुमच्या बाबांनी किंवा मामांनी लहानपणी एखादा ॲम्प्लिफायर जुळवला असेल, तर त्यांना 'एलएम ३८६' किंवा 'टीबीए ८१०' ही नावं विचारून बघा. चेहरा खुलेल! पुण्यात पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर या आयसी घेण्यासाठी पोरांची रांग लागायची. त्यांच्या आतले ट्रान्झिस्टर नळासारखे काम करतात. आवाज मोठा हवा तर नळ जास्त उघडा, लहान हवा तर कमी. बहुतेक वेळ नळ अर्धवट उघडा. ऐकायला सोपं वाटतं, पण खोड इथेच आहे.

विजेचा नळ अर्धवट उघडा असला, की त्याच्यावर दाबही पडतो आणि त्याच्यातून प्रवाहही वाहतो. दाब गुणिले प्रवाह म्हणजे उष्णता. समजा सेल ४.५ व्होल्टचे, स्पीकर ८ ओहमचा आणि नळ असा उघडलाय की निम्मा दाब स्पीकरवर आणि निम्मा नळावर. म्हणजे नळावर २.२५ व्होल्ट, आणि प्रवाह ०.२८ ॲम्पिअर. गुणाकार करा: ०.६३ वॉट. तेवढी ताकद स्पीकरला मिळाली आणि बरोबर तेवढीच आयसी तापवण्यात गेली! म्हणून तर जुन्या ॲम्प्लिफायरला ॲल्युमिनियमची पंखेवाली पट्टी, म्हणजे हीट सिंक, लावावी लागते. सेल तुम्ही विकत आणायचे आणि निम्मी वीज हवा गरम करायला खर्च करायची.

बोलणं तर बहुतेक वेळ हळूच असतं. मोठा आवाज मधूनच येतो. अशा जुन्या पद्धतीत कमाल ताकदीच्या एक दशांशवर काम चाललं असेल, तर आदर्श आयसीसुद्धा घेतलेल्या विजेपैकी फक्त चौथा हिस्सा स्पीकरला देते. बाकीचे तीन हिस्से उष्णता.

मग उपाय काय? नळ कधीच अर्धवट ठेवायचा नाही! एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. पूर्ण बंद असताना दाब आहे पण प्रवाह नाही, गुणाकार शून्य. पूर्ण उघडा असताना प्रवाह आहे पण नळावर दाब जवळजवळ नाही. गुणाकार पुन्हा जवळजवळ शून्य. ही झाली 'क्लास डी' पद्धत. डी म्हणजे डिजिटल असं बरेच जण सांगतात, पण तसं नाही बरं का. ए, बी, सी ही नावं आधीच देऊन झाली होती, पुढचं अक्षर डी.

तुम्ही म्हणाल, "चालू-बंद, चालू-बंद करून गाणं कसं ऐकू येईल? नुसती टकटक होईल!" सिनेमा आठवा. पडद्यावर सेकंदाला २४ स्थिर चित्रं येतात, पण डोळा त्यांची सरासरी काढतो आणि नट चालताना दिसतो. इथे बटण सेकंदाला सुमारे २,६०,००० वेळा चालू-बंद होतं. स्पीकरची तार आणि कागदी पडदा इतक्या घाईने हलूच शकत नाहीत. ते फक्त सरासरी पाळतात. बटण जास्त वेळ चालू राहिलं तर पडदा पुढे, कमी वेळ राहिलं तर मागे.

किती वेळ चालू ठेवायचं हे चिप कसं ठरवते, ते आलेखाच्या कागदावर करून पाहा. करवतीच्या दातांसारखी सारख्या उंचीची त्रिकोणी लाट काढा, दहा दात पुरेत. आता तिच्या बरोबर मधून आडवी रेघ मारा. जिथे रेघ लाटेच्या वर आहे तिथे खाली 'चालू' लिहा, जिथे खाली आहे तिथे 'बंद'. चालू आणि बंद सारखेच येतील. रेघ थोडी वर सरकवा: चालूचे तुकडे लांब झाले, बंदचे आखूड. ती रेघ म्हणजे फोनकडून येणारा आवाज. लाटेच्या मानाने तो इतक्या सावकाश बदलतो, की एका दातापुरती रेघ सरळच दिसते. चिपच्या आत हीच तुलना अहोरात्र चालू असते.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ साली 'एक्स-१०' नावाचा असा ॲम्प्लिफायर सुट्या भागांच्या रूपात विकायला काढला होता. पण त्या काळचे ट्रान्झिस्टर आळशी. बटण चालूवरून बंदवर जाताना मध्येच रेंगाळायचे, आणि रेंगाळणं म्हणजे पुन्हा अर्धवट नळ. कागदावर १० वॉट, प्रत्यक्षात बरेच कमी. पुढे ट्रान्झिस्टर चपळ झाले. १९९८ साली अमेरिकेत ट्रायपाथ या कंपनीची 'टीए २०२०' ही चिप आली. तिचा आवाज ऐकून महागड्या यंत्रांचे शौकीनसुद्धा चकित झाले. या कंपनीचे संस्थापक आद्य त्रिपाठी हे मूळचे भारतीय. कंपनी काही टिकली नाही, २००७ साली दिवाळं निघालं. पण आज मोबाइलमध्ये, टीव्हीमध्ये आणि ब्लूटूथच्या डबीत क्लास डीच बसलेला असतो.

आपण घेणार आहोत 'पीएएम ८४०३'. सोळा पायांची, नखाएवढी, अगदी स्वस्त. तिला अडीच ते साडेपाच व्होल्ट चालतात. पाकिटावर '३ वॉट + ३ वॉट' लिहिलेलं दिसेल. तो आकडा ५ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर असताना, आणि आवाज फाटायला लागल्यावरचा. स्वच्छ आवाजात अडीच वॉट समजा.

तीन पेन्सिल सेल म्हणजे ४.५ व्होल्ट. चार लावायचा मोह होईल, पण चार नवे सेल ६ व्होल्टच्या वर जातात आणि चिप मरू शकते. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचं तर नावच काढू नका. ४.५ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला किती ताकद? या चिपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी हलत्या असतात. दोघं मिळून लाकूड कापताना करवत ओढतात ना, एक ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो, तसं. त्यामुळे दोन्ही दिशांना पूर्ण ४.५ व्होल्ट मिळतात. हिशोब असा: ४.५ गुणिले ४.५, भागिले ८ च्या दुप्पट, म्हणजे १६. उत्तर १.२७ वॉट. थोडी तूट धरा, तरी आपला १ वॉट पदरात पडला. एकच वायर हलली असती, तर दाब निम्मा आणि ताकद चौथा हिस्सा मिळाली असती.

आणि सेल किती टिकतील? नाटुकली ऐकताना सरासरी कमालच्या एक दशांश, म्हणजे ०.१२ वॉट ताकद लागते असं धरू. चिपचा स्वतःचा खाऊ मिळवून सेलमधून साधारण ०.२ वॉट जाईल. जुन्या पद्धतीत तेवढ्याच आवाजाला ०.४८ वॉट लागले असते. चांगला अल्कलाइन पेन्सिल सेल २००० मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास देतो. नव्या पद्धतीने चाळीसएक तास, जुन्या पद्धतीने वीससुद्धा नाहीत. रोज अर्धा तास ऐकलं तर एक जोड ऐंशीएक दिवस पुरेल, दुसरी निम्म्या वाटेतच मान टाकेल. ज्या शाळेत सेलचे पैसे बाई स्वतःच्या पर्समधून देतात, तिथे हा फरक मोठा आहे.

आता जोडणी. चिप वरून पाहिली की एका टोकाला ठिपका असतो. त्याच्याजवळचा पाय १, आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. पाय ४ आणि १३ सेलच्या धन टोकाला. पाय ६ ला १० ओहमच्या रेझिस्टरमधून धन. पाय ५ आणि १२ हे चिपला गप्प बसवायचे आणि झोपवायचे पाय; दोन्ही धनला जोडले की ती जागी राहते. पाय २, ११, १५ ऋण टोकाला. पाय ८ वरून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऋणकडे. (दुकानदार त्याला अजूनही 'कंडेन्सर' म्हणतात, गोंधळू नका.) स्पीकर पाय १ आणि ३ मध्ये. १४ आणि १६ मोकळे, ९ ला काम नाही. पाय १० आपण वापरत नाही, त्याला ०.१ मायक्रोफॅरडमधून ऋणकडे बसवून टाका. चिपबरोबरच्या तक्त्याशी एकदा ताडून पाहा.

फोनमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज येतात, आपला स्पीकर एक. दोन्ही वायरी सरळ पिळून एकत्र करू नका, फोनचे दोन भाग एकमेकांशी भांडतील. प्रत्येकीला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, मग त्यांची टोकं एकत्र करा, आणि तिथून एक कपॅसिटर पाय ७ ला. फोनच्या वायरीचं तिसरं टोक ऋणला. आवाजाची कळ मुद्दाम ठेवलेली नाही. ती फोनवर आहेच.

तो पाय ७ चा कपॅसिटर केवढा? इथे खरी आखणी आहे. बहुतेक जण मोठा लावतात, म्हणजे ढोलकीचा खालचा ठोका मिळेल. पण तीन इंची पडद्याला तो ठोका काढताच येत नाही. तो नुसता थरथरतो, वीज खातो आणि वरचं बोलणं बिघडवतो. चिपच्या आत १८ किलोओहम आहेत, आपले दोन १० किलोओहम मिळून ५ होतात, एकूण २३. त्याच्याबरोबर ०.१ मायक्रोफॅरड लावला, तर ६९ हर्ट्झच्या खालचे स्वर अडायला लागतात. ०.०४७ लावला, तर १४७ हर्ट्झच्या खालचे. आपल्याला शब्द कळायला हवेत. मी ०.०४७ लावीन. त्याच्यावर '४७३' छापलेलं असतं, ०.१ वर '१०४' आणि १ मायक्रोफॅरडवर '१०५'. तिसरा आकडा म्हणजे पुढची शून्यं, आणि मोजमाप पिकोफॅरडमध्ये.

आणखी दोन कपॅसिटर हवेत, आणि सगळा डाव त्यांच्यावर आहे. १ मायक्रोफॅरडचा एक पाय ४ आणि २ च्या अगदी अंगाला चिकटून, दुसरा पाय १३ आणि १५ ला. अंगाला म्हणजे खरोखर अंगाला, दोन-तीन मिलिमीटरवर. का? बटण उघडतं-मिटतं ते सेकंदाच्या काही अब्जांश भागांत. एवढ्या घाईत साधी वायरसुद्धा प्रवाहाला अडवते. १० सेंटिमीटर वायरीतून अर्धा ॲम्पिअर १० अब्जांश सेकंदात बदलायचा असेल, तर त्या वायरीवरच ५ व्होल्ट अडकतात! म्हणजे सेलमध्ये आहेत त्याहून जास्त. चिपला वीज पोचणार कुठून? तहान लागली की आपण दर वेळी विहिरीवर धावत नाही, स्वयंपाकघरातल्या माठातून पेला भरतो. हा कपॅसिटर म्हणजे माठ. सेलच्या वायरी बोर्डाला जिथे येतात, तिथे ४७० मायक्रोफॅरडचा एक मोठा रांजणही ठेवा, पण रांजण आहे म्हणून माठ वगळायचा नाही. जोडणी अगदी बरोबर असूनही आवाज खरखरला, तर पहिला संशय माठाच्या अंतराचा घ्या.

म्हणून हा उद्योग ब्रेडबोर्डवर करू नका. तसंही तिची भोकं २.५४ मिलिमीटरवर आणि चिपचे पाय १.२७ वर, बसणारच नाहीत. हात सराईत नसेल, तर हीच चिप आणि माठ आधीच बसवलेला छोटा बोर्ड दोन-तीन वडापावच्या किमतीत मिळतो. तो आणा आणि फोनकडचा भाग तेवढा स्वतः जोडा. त्यात कमीपणा काही नाही.

स्पीकरच्या वायरींबद्दल एक सांगायचं राहिलं. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये स्पीकरची काळी वायर बहुधा ऋणला जोडलेली असायची. इथे दोन्ही वायरी हलत्या आहेत, हे विसरू नका. त्यातली कुठलीही ऋणला, डब्याच्या पत्र्याला किंवा एकमेकींना टेकता कामा नये. चिपमध्ये बचावाची सोय आहे, ती गप्प होऊन स्वतःला वाचवते. पण रोज तिची परीक्षा घेऊ नये.

पालकांनो, सोल्डरिंगच्या वेळी शेजारी बसा, एवढीच विनंती. कढत इस्त्रीला आपण जितकं जपतो, तितकंच त्या सोल्डरिंग गनला. आणि जुन्या लॅपटॉपमधले किंवा मोबाइलमधले लिथियमचे सेल काढून मुलांना वापरू देऊ नका. त्यांची वायर चुकून टेकली तर आग लागू शकते.

सगळं जुळलं? स्पीकर अजून लावू नका. मल्टिमीटरमधून प्रवाह मोजा. दहा-वीस मिलिॲम्पिअर दिसले तर ठीक, शेकड्यात दिसले तर ताबडतोब सेल काढा. मग मल्टिमीटर व्होल्टवर घेऊन ऋण आणि पाय १ मध्ये लावा. साधारण २.२५ व्होल्ट दिसतील. गंमत पाहा, त्या पायावर प्रत्यक्षात २.२५ व्होल्ट कधीच नसतात! एक तर ४.५ असतात, नाहीतर शून्य. मल्टिमीटरही सरासरीच सांगतोय. पाय ३ वरही तेवढेच. दोघे बरोबरीने चालू-बंद होतायत, म्हणून शांततेत स्पीकरला काहीच मिळत नाही.

आता स्पीकर लावा आणि उघडा न ठेवता चपलांच्या खोक्यात गोल भोक पाडून बसवा. उघड्या स्पीकरच्या पाठीमागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. या खोक्याने जेवढा फरक पडतो, तेवढा चिप बदलून पडणार नाही. अर्ध्या तासाने चिपवर बोट ठेवा. हीट सिंक नाही, तरी बोट सहज टेकेल.

शेवटी घरातला जुना रेडिओ आणा. मध्यम लहरींवर लावा आणि स्पीकरच्या वायरीजवळ धरा. घुंईऽऽ असा आवाज आला? तुमची चिप २६० किलोहर्ट्झवर धावतेय, आणि तिच्या पटी, ५२०, ७८०, १०४०, नेमक्या रेडिओच्या पट्ट्यात पडतायत. लांब वायर म्हणजे एरियलच. वायरी वीतभर ठेवा आणि वेणीसारख्या एकमेकींत पिळा. तरी ऐकू आलं तर दोन्ही वायरींत फेराइटचे मणी ओवा, अगदी चिपपाशी. रेडिओ हातभर लांब नेल्यावर घुंई बंद झाली, तर काम फत्ते. आजोबांच्या बातम्या त्यांना नीट ऐकू येतील, आणि तुमची नाटुकली शेवटच्या बाकाला.